ब्रिटाच्या गोधडीचं थोडंच राहिलंय

१ जानेवारी
बाहेर हाडं गोठवणारी थंडी. माझा नवरा मर्लिन तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला गेलाय. घरात शांतता. संकल्पाला याहून चांगला दिवस मिळायचा नाही.

संकल्प: यंदा एकही नवी गोधडी सुरू करायची नाही. नवं कापड घ्यायचं नाही, वारभरसुद्धा नाही. आणि नातीची, म्हणजे ब्रिटाची, गोधडी पुरी करायची. तिचं लग्न १४ जूनला आहे. मनावर घेतलं तर माझं पंधरा दिवसांचं काम. तसं पाहिलं तर गोधडी झालेलीच आहे. थोडंच राहिलंय.

३ जानेवारी
उगाच गैरसमज नकोत म्हणून लिहून ठेवते. ब्रिटा आईच्या पोटात असताना ही गोधडी शिवायला घेतली, तेव्हा पाळण्याच्या मापाची होती. मधोमध पिवळी बदकं. पोरगी दिवस भरण्याआधी जन्मली, त्याला मी काय करणार? मग पाळणा सुटला, म्हणून चारी बाजूंनी पट्ट्या जोडून पलंगाची केली. मग ती कॉलेजला गेली. तिथले पलंग लांब, म्हणून वर-खाली पट्ट्या. आता लग्न. नवरा मुलगा कोल, सहा फूट चार इंच. म्हणजे पुन्हा पट्ट्या आल्या.

लोक म्हणतात गोधडी रखडली. रखडलेली नाही, वाढतेय.

९ जानेवारी
बसणारच होते. पण मोठ्या मशीनचा पट्टा कुरकुरतोय, हिरवीची सुई तुटली, आईची काळी मशीन गोधड्यांच्या ढिगाखाली सापडत नाही. तेवढ्यात एका शेतघराच्या लिलावात फार सुरेख जुनी मशीन मिळाली. पायाची. हिला वीज लागत नाही, म्हणजे वादळात दिवे गेले तरी ब्रिटाचं काम अडायचं नाही. ही खरेदी नव्हे, तरतूद आहे.

मर्लिन म्हणाला, ही सातवी. एका वेळी माणूस किती मशीनी चालवतो? मी म्हटलं, तुझे मासे धरायचे गळ किती आहेत ते मोज आधी. तो म्हणाला, मी निदान मासे तरी आणतो.

सुज्ञ बाई वाद वाढवत नाही.

२१ जानेवारी
चर्चच्या तळघरात गोधडी मंडळाची बैठक. आर्डिस टॉलेफसनने आणखी एक पुरी गोधडी आणली होती. आर्डिस एका वेळी एकच गोधडी घेते, ती संपवते, मग दुसरी घेते. कल्पनाशक्ती नसली की माणसाचं असं होतं.

मी ब्रिटाची दाखवली. आर्डिसने चष्मा लावून बदकं पाहिली, पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाली, वेगळीच आहे गं. आमच्या मिनेसोटात याहून वाईट शब्द चर्चच्या तळघरात कुणी वापरत नाही.

४ फेब्रुवारी
कापड घेतलेलं नाही. दुकानात थंडीपुरती शिरले होते. तिथे अगदी बदकाच्या चोचीच्या रंगाचं कापड दिसलं. चोचीचा रंग रोज मिळत नाही.

६ फेब्रुवारी
मर्लिनने विचारलं, मासे ठेवायच्या फ्रीजरमध्ये नऊ वार कापड का आहे? मी सांगितलं, गारठवलं की कसर लागत नाही. तो म्हणाला, कसरीपासून होय, मला वाटलं माझ्यापासून लपवलंयस.

कापडाला आता माशांचा वास येतोय. उन्हाळ्यात जाईल.

१२ मार्च
आज अजिबात वेळ मिळाला नाही. समितीचं काम.

समितीची मी प्रमुख आहे, हे मी सहसा सांगत फिरत नाही. मंडळातली एखादी बाई वारली की आम्ही तिच्या घरी जातो, तिच्या अर्धवट गोधड्या वाटून घेतो, पुऱ्या करतो आणि घरच्यांना देतो. मागच्या कोपऱ्यात कापडी चिठ्ठी शिवतो. तिच्यावर पांढरं कबुतर आणि मजकूर: 'हिच्या हातची सुरुवात, मैत्रिणींच्या हातचा शेवट.' वर बाईचं नाव. मजकूर माझाच. तो वाचून पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आर्डिसने सगळ्यांदेखत विचारलं, आयरीनची गोधडी तुझ्याकडे होती, तिचं काय झालं? आता आयरीन जाऊन सहा वर्षं झाली. तिला काही घाई नाही. तशा ग्लॅडिसच्या दोन आणि ऑपलची एक माझ्याकडेच आहे, पण त्यांच्या घरून कधी तक्रार आली नाही. ग्लॅडिसचा नवरासुद्धा आता वारला.

३० मार्च
पट्ट्या जोडल्या! एका दिवसात दोन बाजू! मी म्हणतच होते.

३१ मार्च
दोन्ही पट्ट्या उलट्या जोडल्या गेल्या आहेत. उसवायला बसले. उसवणं हेही शिवणकामच आहे.

१९ एप्रिल
ब्रिटा ईस्टरला आली. आल्या आल्या शिवणाच्या खोलीत शिरली, कापडाचे गठ्ठे ओलांडून टेबलाखाली डोकावली. लहानपणी तिथे बसून मला टाचण्या द्यायची. म्हणाली, आजी, माझी गोधडी कुठवर आली? मी म्हटलं, थोडंच राहिलंय. ती हसली. म्हणाली, तू तर मी पाच वर्षांची असतानाही हेच म्हणायचीस. मग तासभर बसली. कोल घोरतो, सांगत होती. सासूबाई गोड आहेत पण फोन फार करतात. आईला सांगू नकोस म्हणाली.

ती गेल्यावर मला काही शिवायला सुचेना. ही पोरगी दर खेपेला गोधडी बघायला म्हणून येते आणि बसते. गोधडी देऊन टाकल्यावर काय बघायला येणार? मला तिची फार आठवण येते, ती समोर असतानाही येते.

असो. उद्यापासून जोमाने.

२ मे
उद्यापासून.

१४ मे
उद्या निघायचं! तळ्याकाठी चर्चची छावणी आहे, तिथे चार दिवसांचं शिवण शिबिर. नवरे नाहीत, स्वयंपाक नाही, फोनला रेंज नाही. चार दिवसांत ब्रिटाची गोधडी हातावेगळी होणार, यात शंका नाही. गाडीत तीन मशीनी घातल्या. एक बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी. कात्र्या, इस्त्री, दोऱ्याचे डबे, उशी, घरच्या चपला. मर्लिनने सगळं उचलून दिलं, एक शब्द बोलला नाही. असा नवरा नशिबाने मिळतो.

१५ मे, शिबिर
गोधडी घरीच राहिली.

१६ मे
देवाची योजना आपल्याला कळत नाही. ब्रिटाची गोधडी हाताशी नसल्यामुळे मन मोकळं झालं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून कोंबड्यांचा एक नमुना मिळाला. प्रत्येक कोंबडीचं तोंड वेगळं. ही नवी गोधडी म्हणायची नाही, हा हाताचा सराव. अकरा कोंबड्या झाल्या. तुरे राहिलेत.

१८ मे
घरी परतले. अंगणात पाऊल टाकलं तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात ओट्यावर भाजलेल्या बटाट्याच्या थाळ्या, तीन, झाकून ठेवलेल्या. सोबत जेली. असं जेवण आमच्याकडे फक्त मयताच्या घरी येतं. मी ओरडले, मर्लिन, कोण गेलं? तो टीव्ही बघत होता. म्हणाला, कुणी नाही. खाऊन घे, चांगलं झालंय.

शिवणाची खोली उघडली. जमीन दिसत होती! लाकडी आहे, मी विसरले होते. टेबल रिकामं. ब्रिटाची गोधडी नाही. आयरीनची नाही, ग्लॅडिसच्या नाहीत, ऑपलची नाही. खिडकीतली निळी अर्धवट गोधडी नाही, पलंगाखालच्याही नाहीत.

मर्लिन दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मीच समितीला फोन केला.

मी म्हटलं, समिती मेलेल्यांसाठी असते! तो म्हणाला, नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही म्हणे. आर्डिसने बघितलं.

नियम मीच लिहिले होते. घाईत लिहिले होते.

मग तो म्हणाला, व्हर्ना, पोरीला लग्नात ती हवीय. माझ्याजवळ रडली ती ईस्टरला, गाडीत. म्हणाली, आजोबा, मला वाटतं आजीला ती मला द्यायचीच नाहीये.

मी ओट्याकडे गेले. थाळीतला बटाटा खाल्ला. मीठ कमी होतं.

२० मे
आर्डिसला फोन करून खडसावलं. म्हणजे खडसावणार होते. तीच आधी म्हणाली, अगं, आम्ही सवयीने आलो गं. जेवण घेऊन आलो, दारात चपला काढल्या, तुझी खोली बघितली, आणि आपली लॉइस तर चक्क रडली. मग मर्लिन म्हणाला की तू शिबिराला गेलीयस, तेव्हा तिला आठवलं की तू जिवंत आहेस. पण आता वाटप झालं होतं गं.

मी म्हटलं, ब्रिटाची तरी परत दे, तिचं थोडंच राहिलंय. आर्डिस म्हणाली, हो, आम्ही बघितलं थोडं. बघायला आम्हा चौघींना सबंध सकाळ लागली.

२८ मे
चर्चच्या तळघरात गेले. सहजच. ब्रिटाची गोधडी मोठ्या चौकटीवर ताणून लावली होती आणि भोवती बायका हाताने टाके घालत होत्या. अस्तर लागलेलं, कापूस भरलेला. उलट्या पट्ट्या सुलट झालेल्या. मला वाटलं होतं आर्डिस बदकं काढून टाकेल. काढली नव्हती. एका बदकाची चोच माझ्या हातून तेवढी राहिली होती, तीही लावलेली. रंग चुकला होता. माझं चोचीच्या रंगाचं नऊ वार कापड फ्रीजरमध्येच आहे ना.

ताणलेली बघितल्यावर मात्र कळलं. एवढी मोठी झाली होती.

मी खुर्ची ओढून चार टाके घातले. आर्डिस म्हणाली, बस गं, दमली असशील. कॉफी घे. मी कॉफी घेताना तिने माझे चार टाके उसवले. तिला वाटलं मला दिसलं नाही.

१ जून
ठरवलं. कडेची किनार तरी मीच लावणार. शेवटचा हात लावतो त्याची गोधडी, असं माझं मत आहे.

४ जून
किनार लॉइसने लावली. मी कोंबड्यांच्या तुऱ्यांत गुंतले होते.

१४ जून, संध्याकाळ
लग्न झालं. ब्रिटा फार सुंदर दिसत होती. गोधडी हॉलमध्ये भेटींच्या टेबलामागे टांगली होती. ब्रिटाने ती बघितली आणि तोंडावर हात धरून तशीच उभी राहिली. मग पांढऱ्या झग्यासकट धावत आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, आजी, झाली! मी म्हटलं, झाली. एवढंच. ती रडली, मीही रडले, आणि मर्लिनने नाक शिंकरायला माझा रुमाल घेतला.

मग नाच सुरू झाले. गोधडीचा एक कोपरा मुडपला होता, तो सरळ करायला मी गेले. तिथे मागच्या बाजूला कापडी चिठ्ठी. पांढरं कबुतर. वर माझं नाव, आणि खाली माझाच मजकूर. आर्डिसला विचारलं तर म्हणाली, अगं, आपल्याकडे दुसरी चिठ्ठीच नाही. छान आहे की मजकूर.

तेवढ्यात फार्गोहून आलेली कोलची आत्या शेजारी येऊन उभी राहिली. उशिरा पोचली होती, कुणाला ओळखत नव्हती. तिने चष्मा वर करून चिठ्ठी वाचली आणि छातीवर हात ठेवला. म्हणाली, किती हृद्य. आणि मैत्रिणी तरी किती भल्या. बिचारी व्हर्ना, नातीचं लग्न बघायला राहिली नाही.

मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण सांगितलं असतं की व्हर्ना जिवंत आहे, तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग गोधडी मैत्रिणींनी का पुरी केली? मेलेल्या बाईला असलं कुणी विचारत नाही.

आत्याने विचारलं, तुमची तिची ओळख होती?

मी म्हटलं, होती, तशी बरीच. फार कामसू बाई. आणखी पंधरा दिवस मिळाले असते ना, तर तिनेच पुरी केली असती.