सुपारीएवढा फुगवटा

मुरुड,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनुताई,
नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुझी पाठ कशी आहे? सुपारी उतरवायला माणसं मिळाली का? भावोजी गेल्यावर वाडी विकून टाक म्हणणारे सगळे आता तुझ्याकडूनच रोपं नेतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

अल्पेश उद्या फेरीबोटीने दिघीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तुझा आवाज ऐकला असता, तर पुन्हा खोटं बोलले असते.

मागे मी विचारलं होतं ना, लहानपणीच्या माझ्या त्या मोठ्या तापाबद्दल? सहज आठवलं म्हणाले. सहज नव्हतं. तू मात्र काल घडल्यासारखं सांगितलंस: लाल डोळे, फुटलेले ओठ, हटता न हटणारा ताप. आईने गोवर समजून दाराला कडुनिंब बांधला, घरातली फोडणी बंद केली, औषध दिलं नाही. ताप उतरल्यावर माझ्या बोटांची सालं निघाली. तू अकरा वर्षांची, सगळ्यांना सांगत फिरलीस, "मला गोवर आला तेव्हा माझी बोटं नव्हती सोलली." ऐकलं कोणी नाही. तू आपली खोबरेल लावत बसलीस.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धं निदान तुमच्या ताईंनीच केलंय."

त्या आजाराला कावासाकी म्हणतात. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि एखादी पुढे तशीच फुगून राहते. म्हातारपणी वाहिन्या कडक होऊनही असा फुगवटा येतो, पण माझा तेव्हाचाच असावा. त्या काळी इकडे कुणाला तो आजार ओळखता आला नसता, म्हणून आईला मनात बोल लावू नकोस.

तर, ताई, माझ्या हृदयाची एक वाहिनी सालीसकट सुपारीएवढी फुगली आहे. तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी होऊ शकते, वाहिनी फुटूही शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, पण त्या पुरणार नाहीत. एवढ्या मोठ्या फुगवट्यात स्टेंटही बसत नाही. छाती उघडून तो दोन्हीकडून बंद करतील आणि पायातली शीर जोडून रक्ताला दुसरी वाट देतील. मंगळवारी, मुंबईत.

विश्वंभर भावोजी अशाच ऑपरेशनला गेले आणि परत आले नाहीत. म्हणून माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. त्यांना न्यायला उशीर झाला होता; माझं वेळेत कळलंय. हे मी स्वतःलाच पुन्हापुन्हा सांगते.

सुश्रुत म्हणाला, ताईंना सगळं झाल्यावर कळवू. मी नको म्हटलं. तुझ्यासारख्या बाईपासून लपवणं म्हणजे तुला कमी लेखणं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या बाकावर तू एकदा एकटी बसली आहेस. पुन्हा ये म्हणायला जीभ रेटत नाही. नाही आलीस तरी मी समजेन.

पण मला भीती वाटते, ताई. आलीस तर बरं होईल.

तू वाढवलेली,
मैथिली