शैला, तुझी कॉट भाड्याने दिली

प्रिय शैला,

मांदेलीचा तो वाटा आठवतो तुला? पनवेलच्या मासळी बाजारात रविवारी सकाळी आपण दोघी एकाच टोपलीपुढे उभ्या होतो, एकमेकींना न ओळखता. मला अर्धाच वाटा हवा होता आणि तुलाही अर्धाच. कोळीण वैतागली. "आर्धा वाटा नाय होत गो बायांनो! एकलीचा बाजार मी नाय करत. दोगी मिलून घ्या नि जा!"

तू मान मागे टाकून हसलीस आणि त्या हसण्यावरून मी ओळखलं. ही तर आपल्या कॉन्व्हेंटची, दोन वर्षं पुढची, असेंब्लीत प्रार्थना सांगणारी शैला! मी तेव्हा पेइंग गेस्ट होते, चूल-स्टोव्ह काही नव्हतं. म्हणून ते मासे तुझ्या खोलीवर शिजले. जेवून हात धुताना तू म्हणालीस, "भाडंसुद्धा असंच अर्धं अर्धं करू या का?" पुढच्या आठवड्यात मी ट्रंक घेऊन आले आणि राहिलेच.

आज हे लिहायला बसले, कारण संध्याकाळी वैशाली येतेय. तुझ्या कॉटवर झोपायला. ती यायच्या आत तुला सांगायला हवं. तुला न विचारता मी या घरातला पडदाही कधी बदलला नव्हता, आणि आता सरळ माणूसच बदलतेय.

रागावलीस? रागाव. मीही तुझ्यावर रागावलेच आहे.

डॉक्टर बाहेर आले, "सॉरी आजी" म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द कुठला आला माहीत आहे? भाडं! तुझं नाव नाही, देवाचं नाव नाही. भाडं. रडू नंतर आलं, रिक्षात, आणि तेव्हाही डोळे पुसता पुसता माझं लक्ष मीटरकडे होतं.

लोकांना वाटतं, घरातलं एक माणूस गेलं म्हणजे खर्च निम्मा झाला. पंख्याला कुठे कळतं खाली किती जणी बसल्यात? ट्यूब तेवढीच जळते, कुकर तेवढ्याच शिट्ट्या घेतो. कोथिंबिरीची जुडी अर्धी मिळत नाही. दुधाची पिशवी मी एक दिवसाआड केली, मग चहाच काळा केला. स्टेशनवरून यायला आपण शेअर रिक्षा करायचो, तीही आता सोडलीय. "चालणं तब्येतीला चांगलं," असं शेजारणींना सांगते. त्या माना डोलावतात. त्यांना खरं काय ते कळत असेल का गं?

सिस्टर आठवतात का, लेंटच्या, त्या ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत पत्र्याचा डबा फिरवायच्या? "फॉर द पुअर, गर्ल्स!" आपण खाऊचे पैसे टाकायचो आणि फार पुण्य केल्यासारखं तोंड करून बसायचो. गरीब म्हणजे कुठेतरी दूर राहणारे लोक, अशी माझी समजूत होती. त्यांना इतकं छान इंग्रजी येत असेल, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

माझं ते छान इंग्रजी अजून कामोठ्याच्या क्लासमध्ये फोन उचलतं. "गुड ईव्हनिंग, युअर सन इज ॲबसेंट टुडे." तू गेलीस तेव्हा मी रजा घेतली. क्लासचे सर पोरगेलेसे, पण बोलायला फार गोड. म्हणाले, "सो सॉरी मॅम. पण कझिनच होत्या ना? म्हणजे सख्ख्या नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग सॅलरीत ॲडजस्ट करतो." केलंही. तू सख्खी असतीस तर थोडे दिवस पगारी रडता आलं असतं.

कझिन! तुझीच ती आयडिया. दोन एकट्या बायकांना सोसायटी घर देईना, तेव्हा तू घरमालकाला तोंडभरून सांगितलंस, "आम्ही मावसबहिणी." आडनावं वेगळी का, हा प्रश्नच मिटला. मी घाबरले, तर तू म्हणालीस, "अगं, मावशी कोण होती ते कुणी विचारत नाही."

विचारलं, शैला.

तुझ्या लाडक्या भाच्याने, नितीननेच विचारलं. तेराव्यानंतर तो गावाहून, गव्हाणहून टेम्पो घेऊन आला, सोबत त्याची आई, तुझी वहिनी. त्यांना फ्रिज हवा होता, कपाट हवं होतं, वॉशिंग मशीन हवं होतं. फ्रिज घरी ठेवायला नाही हं, नितीनच्या साईटवरच्या वॉचमनच्या खोलीत ठेवायला. मी म्हटलं, फ्रिज आम्ही दोघींनी मिळून घेतलाय. आवाज चढले तसे सेक्रेटरी सावंत वर आले. बिचारे माझ्या बाजूने बोलायला गेले, "अहो, या बहीण आहेत त्यांच्या. यांना विचारल्याशिवाय कसं नेता?"

"कसली बहीण?" नितीन म्हणाला. "माझ्या आजीला बहीणच नव्हती. मावसबहीण आणली कुठून?"

हा तोच नितीन, जो सुट्टीत आपल्याकडे यायचा, माझ्या हातची घावनं खायचा आणि "उषामावशी, अजून एक" म्हणायचा. त्या दिवशी मी मॅडम झाले. "मॅडम, बिल दाखवा." बिल तुझ्या नावावर. आपलं सगळंच तुझ्या नावावर होतं, कारण दुकानदार तुझ्या पगाराला हप्ते देत होते, माझ्या पगाराला नाही.

वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "आमी तुमाला वायट नाय बोलत. पन आमच्या मानसाचं सगलं सामान आमचंच हाय ना?"

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मॅडम, तुम्ही यांच्या नक्की कोण?"

इतकी वर्षं मी भाषेच्या जोरावर पोट भरतेय आणि त्या एका प्रश्नाला म्हटलं काय, तर "अर्धं भाडं भरते ती." टेम्पोवाला फिदकन हसला. मग त्याने फ्रिज रिकामा केला. तू केलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी ओट्यावर ठेवली, एवढी माणुसकी त्याने दाखवली.

आता तुझ्याशी भांडायचंय. विचुंब्याची ती खोली आठव. इमारत नवी होती, आजूबाजूला शेतं होती, बिल्डर गिऱ्हाईक शोधत होता. आपण दोघींनी मिळून एक रूम-किचन घ्यायचं पक्कं केलं होतं. मी खिडकीचं माप घेऊन आले होते! आणि त्याच आठवड्यात तू तुझे सगळे पैसे उचलून नितीनला पहिला डंपर घेऊन दिलास. मला विचारलंसही नाही. मी जेवण सोडलं, तर म्हणालीस, "डोन्ट बी अ मार्टर, उषा. आपल्याला अग्नी कोण देणार? त्याला धरून राहायला नको का?"

दिला त्याने अग्नी. दिला म्हणजे, फोनवर बोलत बोलत दिला. भटजींनी दोनदा खूण केली तेव्हा फोन खिशात गेला. त्याचे आता किती डंपर आहेत हे तूच मोठ्या अभिमानाने सांगायचीस. त्यातलं एक चाक तरी विकून तुझ्या उषाला वर्षभर छप्पर देता आलं असतं की नाही? बोल ना! सरणाच्या एका काडीसाठी तू माझी खिडकी विकलीस, शैला. काडी तर कुणीही लावली असती. मीसुद्धा.

आणि तरी तुझ्या तेराव्याला मी गव्हाणला गेले. मोठा मंडप होता. वहिनीने लांबून सांगितलं, "शैलाच्या रूमवालीला वाढा गो नीट!" मी मान खाली घालून जेवले आणि जिलेबी दोनदा मागून घेतली. दु:खाने घास उतरत नाही म्हणतात. माझा उतरला. घरी गॅस संपत आला होता आणि मला भूक लागली होती गं.

मग घरमालकाचा पुण्याहून फोन. "तुमच्या एकटीच्या पगारावर झेपणार का मावशी? नसेल तर आत्ताच सांगा, मला फॅमिली मिळतेय." मी कामोठ्यात मुलींच्या पीजीत चौकशीला गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आंटी, इथे वर्किंग लेडीजच राहतात."

"मी वर्किंगच आहे."

"नाही म्हणजे... एज. रात्री काही झालं तर मुली घाबरतात."

वृद्धाश्रमात विचारलं, तर तिथे जितकं डिपॉझिट मागतात तितकं असतं तर मी वृद्धाश्रमात कशाला गेले असते?

म्हणून वैशाली. नवऱ्याला सोडून आलीय, एका हॉस्पिटलात कॅश काउंटरला बसते, पगार वेळेवर होतो. एवढं मला पुरे. खोली बघायला आली, तशी आधी गादी दाबून बघितली.

"काकू, त्या याच कॉटवर गेल्या का?"

"नाही, हॉस्पिटलात."

"मग हरकत नाही. गादी मात्र माझी आणते. आणि भाडं निम्मं ना? मग पंख्याखालची बाजू मला."

पंख्याखालची बाजू! तुझी! मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "हो, घे की." वर तिला चहा केला, दूध घालून. ती बिस्किटाचा अर्धा तुकडा बशीत टाकून उठली, तर तो मी खाल्ला.

मला ती आवडत नाही. मोठ्याने व्हिडिओ बघते, कुणाचंही बोलणं मध्येच तोडते. कॉटपलीकडे तिला तुझ्याबद्दल एक शब्दही विचारावासा वाटला नाही. पण काल सावंतांनी "या कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा तिनेच उत्तर दिलं. "पार्टनर. शेअरिंगमध्ये राहतोय." झालं! सावंतांनी लिहून घेतलं आणि गेले. आपण इतकी वर्षं ज्याला घाबरून होतो ते एवढंसंच होतं का गं?

तुला एक वचन देते. ही खोली मी सोडणार नाही. नवीन ॲग्रीमेंट माझ्या नावावर झालंय, पहिल्यांदाच. वैशाली गेली तर दुसरी आणीन, दुसरी गेली तर तिसरी. तुझ्या बाजूला कुणीही झोपो, मी इथेच असेन. वर्षश्राद्धाला मात्र गव्हाणला येणार नाही, बोलावलं तरी.

आता तुझी राहिलेली जागा रिकामी करते. कुणाला काय द्यायचं ते ठरवलंय, ऐकून घे.

सुती साड्या जिना झाडणाऱ्या शकूला. ती आधीच सांगून गेलीय की फाटक्या नकोत. जांभळी सिल्कची वहिनीला सापडली नाही, कारण ती फॉल लावायला दिली होती. ती ज्या बाईकडे आहे तिच्याच मुलीचं लग्न ठरलंय, तिलाच राहू दे. छत्री आणि चपला वैशालीला, माप जुळतंय. चष्मा कुणाला लागेना, तो डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पेटीत टाकीन.

नितीनला तुझी दातांची कवळी. आमच्या माणसाचं सगळं सामान आमचंच, म्हणाले होते ना? एवढं एक टेम्पोत चढवायचं राहिलं. कुरिअरने पाठवते, खर्च माझा.

आणि तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. महिन्याभराच्या एकदम आणून ठेवल्या होत्यास, पाकिटं तशीच राहिली. मेडिकलवाला परत घेत नाही. डॉक्टरांनी आपल्या दोघींना सारखीच गोळी दिली होती, म्हणून त्या मी कुणालाच देत नाही. रोज सकाळी चहाबरोबर एक घेते.

तुझी,
उषा