चौथ्या प्रकरणातली बाई

प्रिय मेना,

बाबा फोनवर म्हणाले की आता तू नाकाला ऑक्सिजनची नळी लावून खिडकीशीच बसून असतेस, दुकानापर्यंतही चालवत नाही. वर म्हणाले, “पण जिभेला काही झालेलं नाही. लाकडं कशी रचायची ते खिडकीतून मला शिकवते.” ऐकून बरं वाटलं आणि नंतर दिवसभर काही सुचलं नाही. इकडे सेंट जॉन्समध्ये बर्फ ओसरलाय, धुकं तेवढं हटत नाही. कारखान्यातल्या बायकांवरच्या माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. पास केलं, पण दुरुस्त्या करून द्या म्हणाले. इवल्याशा पेल्यांतून वाइन दिली, थट्टेत एकदा ‘डॉक्टर जेराल्डीन’ म्हटलं आणि दुरुस्त्यांची यादी हातात ठेवली.

बारीकसारीक सगळं उरकलं. नकाशे बदलले, तक्ते सुधारले. अडलंय ते चौथ्या प्रकरणापाशी, म्हणजे तुझ्यापाशी. तुझं नाव मी अ‍ॅग्नेस ठेवलं होतं. तेव्हा तू म्हणाली होतीस, “अ‍ॅग्नेस? त्यापेक्षा एखाद्या शेळीचं तरी ठेव.” नाव बदललं की माणूस झाकलं जातं, असं मला वाटलं. पण परीक्षकांतल्या डॉ. हॅनरहान आपल्या पलीकडच्या खाडीतल्या निघाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, “खेकड्याच्या कारखान्यातला अ‍ॅप्रन चर्चच्या कुंपणावर वाळत घालणारी बाई अख्ख्या किनाऱ्यावर एकच आहे. फादर तिच्यावर किती चिडायचे ते मलासुद्धा ठाऊक आहे. तुम्ही हिला लपवलंय कुठे?” तिथे वारा चांगला लागतो हे तुझं वाक्यही मी हौसेनं घातलं होतं. आपल्याकडे नावाने कोण कुणाला ओळखतं, हे मी शहरात राहून विसरले.

त्यांचं म्हणणं रास्त होतं. अर्धवट लपवणं सगळ्यात वाईट. एकतर तिला पूर्ण पुसा, नाहीतर खरं नाव घालायची तिची इच्छा असेल तर तसं तिच्याकडून लिहून आणा. मी पुसायला बसले. कुंपण काढलं. तुझ्या मुलीच्या जागी दोन मुलगे केले. खेकड्यांची कोळंबी केली. मग मुकादमाची पाळी आली, कारण लहान गावात मुकादमही एकच असतो. त्याचं ‘व्यवस्थापन’ केलं. आता प्रकरणात लिहिलंय की व्यवस्थापनाने डॉक्टरांना सांगितलं, ही बाई सिगारेटी ओढते. वाचून पाहिलं तर त्यात कुणीच उरलं नव्हतं, ना सांगणारी, ना खोटं बोलणारा. खरं सांगते मेना, मला सुटल्यासारखं वाटलं.

तुझ्या स्वयंपाकघरात घेतलेल्या मुलाखतीचं ते रेकॉर्डिंग मी कितीदा ऐकलं असेल. वाफेने भरलेली शेड, तपासनीस गेला रे गेला की बंद होणारे पंखे, रुमाल बांधून खोकत खेकडे फोडणाऱ्या तुम्ही सगळ्या. आणि मग तुझा तो आवाज: “मुकादमाने सांगितलं, ही धुराड्यासारखी फुंकते. अगं, जन्मात एक सिगारेट ओढली, शाळेच्या मागे, तीसुद्धा अर्धी. उरलेली अर्धी तू ओढलीस.” आपण दोघी हसलो होतो. मुकादमाच्या त्या एका वाक्यावर, कारखान्यातल्या वाफेने दमा जडला म्हणून केलेला तुझा भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. त्या दुपारी तू शेवटपर्यंत ‘मुकादम’च म्हणत राहिलीस. एकदाही ‘तुझे बाबा’ म्हणाली नाहीस. मीही त्यांचं नाव काढलं नाही, आणि परीक्षेतही नाही.

बाबा रोज सकाळी तुझ्याकडे लाकडं भरून ठेवतात, तू त्यांना वाटाण्याचं सूप धाडतेस. शेजार असावा तर असा, असं खाडीतले लोक म्हणतात. नाताळात मी बाबांना विचारलं होतं, इतक्या थंडीत कशाला जाता. म्हणाले, “तिला वाकवत नाही.” का वाकवत नाही, ते काही बोलले नाहीत. प्रबंध एरवी कुणी वाचणार नाही, पण तुझं नाव छापलं तर ते एक पान सगळे वाचतील आणि मुकादम कोण ते ओळखतील. मग बाबा चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतील, मला कळत नाही. ते माझे बाबा आहेत गं.

ईस्टरनंतर प्रबंध ग्रंथालयात जाईल, मग काहीच बदलता येणार नाही. तोवर खरं नाव घालायचं की नाही, हे ठरवायचा हक्क फक्त तुझा आहे. दोन्ही प्रती तयार आहेत. तू नको म्हणावंस असं मला मनापासून वाटतं, आणि माझ्यासाठी, बाबांसाठी तू नको म्हणशीलही, म्हणूनच लिहायला बसले. तसं करू नकोस. डॉक्टरांच्या कागदावर तू आजही सिगारेट ओढणारी बाई आहेस. ते खोडायला आता माझ्याशिवाय कुणी येणार नाही. जे काय ठरवशील ते दोन ओळींत लिही, पण मला पाठवू नकोस. डॉ. हॅनरहान यांचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलंय. तुझा नकार माझ्या हातात पडला, तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला भीती वाटते.

तुझीच,
जेराल्डीन