शेवटच्या घराचे माप

३ फेब्रुवारी, सोमवार

मी, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, औषधांच्या गोदामाचा अधीक्षक. आठ दिवसांची रजा. हेतू एकच: थोरल्या भावाला घरी नेणे. दादा निवृत्त आरेखक. या प्राचीन नगराचे नकाशे काढण्यात त्याने छत्तीस वर्षे घालवली. आता नजर अधू झाली, तरी उत्खनन कचेरीमागची खोली सोडत नाही.

आल्याआल्याच चुकलो! उत्खननात निघालेल्या एका घराची गुडघाभर उंचीची भिंत होती, ओलांडली. दादा ओरडला, "अरे, भिंतीतून काय येतोस? दार आहे ना!" दार म्हणजे दोन दगडांमधली मोकळी जागा. मागे फिरलो, दारातून आत आलो. "आता कसं!" म्हणाला, आणि मग मिठी मारली.

४ फेब्रुवारी

दादाची अट: "हे शेवटचं घर मोजून झालं की येतो. शब्द!" तीन खोल्या, एक अंगण. फार तर चार दिवसांचे काम. मान्य.

५ फेब्रुवारी

फीत मी धरतो, आकडे मी वाचतो. त्याला ते दिसत नाहीत. कागदाला नाक टेकवून रेघ मात्र अजून सरळ ओढतो.

दुपारी उंबऱ्यावर टेकलो. "इथे बसून कोणीतरी धान्य निवडायचं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"दगडावर हात फिरव की. बसून बसून गुळगुळीत झालाय!"

फिरवला. खरोखरच गुळगुळीत. डोळे कधी मिटले कळले नाही. जाग आली तेव्हा सावल्या गल्लीपलीकडे पोहोचल्या होत्या, आणि घरातून कोणी नुकतेच बाहेर पडावे तशी शांतता होती. मला घड्याळ पाहावेसे वाटले नाही. नोंद करतो, कारण असे पूर्वी घडलेले नाही.

६ फेब्रुवारी

सौ.चा फोन. "भाऊजींना आणताय, की तुम्हीच तिकडे बिऱ्हाड थाटताय? खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावले."

दादाला सांगितले. "खिडकीतून काय दिसतं रे?"

"समोरच्या इमारतीची भिंत."

त्याने पेन्सिलीला टोक काढले. मग म्हणाला, "छान."

७ फेब्रुवारी

अंगण आणि दोन खोल्या पूर्ण. उरली एक. आधी चारही बाजू मोजायच्या, मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण. कर्ण कागदाशी जुळला की काम संपले. न जुळल्यास सगळे पहिल्यापासून.

दादाने ट्रंक भरली. वेळ लागला नाही. त्यात भरण्यासारखे फार नव्हतेच.

८ फेब्रुवारी

कर्ण पाच मीटर दहा भरला. मी "पाच तीस" असे वाचले. मोठ्याने, स्पष्ट.

"जुळत नाही," दादा म्हणाला. "सगळंच पुन्हा मोजायला हवं!"

"हवंच," मी म्हणालो.

रजा वाढवण्याचा अर्ज लिहिला आहे.

(सही)
स्थळ : उत्खनन कचेरीमागची खोली
दि. ८ फेब्रुवारी