वेनहॅलोची झोप

२२ मार्च २००९, रविवार

मदरिंग संडेला, आयांच्या रविवारी, आई केक करायची. वर बदामाच्या लगद्याचे अकरा गोळे – येशूच्या बारा प्रेषितांतून दगाबाज जूडास वगळून. पाच उर्सुलाला, पाच मला. अकराव्यावरून रणकंदन! दोन तुकडे केलेलेही चालायचे नाहीत, ‘तिचा मोठा आहे!’ म्हणून. शेवटी बाबांनी तो उचलून काचेच्या कपाटात ठेवला. “झोपू दे त्याला,” म्हणाले. दगड होईपर्यंत झोपला तो.

आज बऱ्याच वर्षांनी केक केला. एकटीपुरता. गोळे मात्र अकराच वळले गेले.

२४ मार्च

उर्सुलाचा फोन. हवा, गुडघे, चर्चच्या छताची गळती, आणि मग एकदम –

“सिसी, तो कागद आहे अजून माझ्याकडे. करतेस सही? मरायच्या आधी एकदा लेडी वेनहॅलो होऊ दे की मला!”

“कॉन्व्हेंटात तुला सगळे महाराणीच म्हणायचे. आणखी किती चढायचंय?”

हसलो दोघी. पण पस्तीस वर्षांत हा विषय निघाला नव्हता. ‘बघते,’ म्हणून फोन ठेवला.

बाबा गेले त्या हिवाळ्यात वकील मि. पार्जिटर आम्हां दोघींना समोर बसवून म्हणाले होते, “मुलगा नाही. त्यामुळे वेनहॅलोची सरदारकीची पदवी दोघींची, अगदी सारखी. ती कापता येत नाही, म्हणून कोणाचीच नाही. अधांतरी राहील. दोघींपैकी एकीचाच वंश उरला, की तिच्याकडे आपोआप जाईल. नाहीतर दुसरीच्या संमतीने एकीसाठी राणीकडे अर्ज करायचा.”

उर्सुला थोरली. तिला टेसा झालेली. मी बिनलग्नाची. संमतीचा कागद तिने माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, “झोपू दे तिला.” बाबांचेच शब्द! उर्सुला कागद उचलून निघून गेली. त्यानंतर अकरा वर्षं फक्त नाताळची कार्डं.

का केलं मी तसं? लोभ नव्हता. घर गेलं होतं, तिथे हॉटेल झालं होतं. आईबाबांचं असं एवढंच उरलं होतं, ज्यात उर्सुला आणि मी एकत्र होतो. पण हे तिला कधी सांगता आलं नाही.

२ एप्रिल

लंडनला जाऊन आले. पाहिला! आमची पदवी ज्यातून निघाली तो सातशे वर्षांपूर्वीचा कागद – कागद कसला, कातडंच – प्रत्यक्ष पाहिला!

दफ्तरखान्यातल्या मुलीने गुंडाळी उलगडून कडांवर वजनं ठेवली. तपकिरी शाई. लॅटिन मला वाचता येतं, कॉन्व्हेंटातल्या मदर अलॉयशियसची कृपा. ओळीमागून ओळ नावं, आणि मध्येच – ‘राडुल्फो दे वेनहॅलो’. चतुर्थी विभक्ती. राल्फला. राजाने राल्फला बोलावलं आहे, अमुक दिवशी सभेला ये. बस्स, एवढंच! पिढ्यान्‌पिढ्या, वंशपरंपरा असलं एक अक्षर नाही. साधं बोलावणं. तो चिखल तुडवत गेला, बाकावर बसला, आणि त्या बसण्यातून हे सगळं सुरू झालं. चौदा लॉर्ड. एकाचं मुंडकं उडवलं, धर्म सोडला नाही म्हणून. एक वेडा झाला. एक बावीस दिवसच होता.

त्या नावावर बोट ठेवावंसं वाटलं. ठेवू देत नाहीत.

मुलगी म्हणाली, “तुमच्या ओळखीचं कोणी आहे का यात?”

“हो,” म्हटलं, “घरचेच आहेत.”

३ एप्रिल

मार्जरीची गोष्ट आठवते आहे. बाबा नेहमी सांगायचे. पदवी आधीही एकदा झोपली होती, मार्जरी आणि तिची बहीण ॲग्नेस यांच्यामध्ये, त्रेचाळीस वर्षं. एके सकाळी दूत आला. मार्जरी सत्तरीची, परसात कोबी काढत होती. दूताने गुडघे टेकले. “माय लेडी!” आजवर तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने लगेच विचारलं, “ॲग्नेस कधी गेली?”

लहानपणी आम्ही या गोष्टीला हसायचो!

सही करणार आहे. उर्सुलाला मी जिवंतपणी लेडी वेनहॅलो झालेली पाहीन.

६ एप्रिल

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या सांगितल्या. चेहरा पाहून घेतला त्यांचा.

१३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

उर्सुला आणि टेसा आल्या होत्या. कोकराची तंगडी, पुदिन्याची चटणी. टेसा आईला चिडवत होती – “मावशी, ही लेडी झाली तर भांडी कोण घासणार?”

जेवण झाल्यावर मी पेन काढलं. “आण तो कागद.”

उर्सुलाने पर्समधून काढला. घड्यांवर पिवळा पडलेला. माझ्याकडे बघत राहिली. मग टराटरा फाडला!

“अगं, वेडी का तू!”

“अकरा वर्षं घालवली मी याच्यापायी,” ती म्हणाली. “तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी नव्हते, सिसी. नको मला ते. झोपू दे. तू आहेस तोवर झोपलेलंच बरं.”

रडलो. टेसाने भांडी घासली.

तपासण्यांचं सांगणार होते. तिच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर कसं सांगू?

२१ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, पानगळीपर्यंत. फार तर.

उर्सुलाला रविवारी जाऊन सांगेन. त्याआधी हे लिहून ठेवते.

केकची सुरी आणि आईची रोझरीची जपमाळ टेसाला. लॅटिनची पुस्तकं कॉन्व्हेंटला, कोणी वाचणारं असेल तर. मांजर शेजारच्या मिसेस ब्रेथवेटना. तिने केव्हाच त्यांना पसंत केलंय. मार्जरीची तसबीर उर्सुलाला, स्वयंपाकघरात लावायला, बैठकीत नाही.

वेनहॅलोचं काही लिहायला नको. मि. पार्जिटरांच्या मुलाला विचारलं. सही नाही, अर्ज नाही. माझा श्वास थांबेल त्या क्षणी ते जागं होऊन तिच्याकडे जाईल. तिला कळायच्या आधी, फोन वाजायच्याही आधी. ती बटाटे सोलत असेल, आणि पंधरावी लेडी वेनहॅलो असेल.

फोन टेसाने करावा. आणि आधी ‘आई’ म्हणावं.