सध्या नको

जठारपेठ, अकोला
१४ फेब्रुवारी १९६२

चि. देवमन यास,
मनकर्णाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आकोटच्या पुंजारामजींची जमुना तू पाहून आलास त्याला दुसरी संक्रांत झाली. पोहे खाल्लेस, 'कळवतो' म्हणालास आणि अमरावतीला पळालास. तुझ्या नावावर तिचं एक चांगलं स्थळ परत गेलं. आई गेल्यापासून बाबा गावी हातानं भाकरी थापतात. ही पोरगी माझ्याच घरात येईल, असा शब्द त्यांनी पुंजारामजींना दिला आहे. घोडं काहून अडून राहिलं म्हणून मलाच विचारतात. तुझे भाऊजी म्हणतात, साल्याला नवरी नको, आरसा हवा.

हो तरी म्हण, नाही तरी म्हण.

तुझी ताई

अमरावती
२ मार्च

ती. ताईस,
देवमनचा साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. नोकरी अजून कच्ची, खोली एका खाटेची. इथे चौकातल्या हॉटेलात दर बुधवारी रेडिओवर श्रुतिका लागते. तिच्यातला मधुकर थेट माझ्यासारखा आहे. मुलगी आवडते, पण दर वेळी 'सध्या नको' म्हणतो. एकदा लग्न झालं की पुढचं सगळं ठरूनच गेलं, याची त्याला धास्ती. हॉटेलातली बिनलग्नाची पोरं कान देऊन ऐकतात, कोणी हसत नाही.

जमुना चांगली आहे, म्हणूनच भीती वाटते. मधुकरचं काय होतं ते पाहू, मग सांगतो. तिला थांबायला सांग. भाऊजींना नमस्कार, भाच्यांना पापे.

तुझा देवमन

जठारपेठ, अकोला
३ एप्रिल

चि. देवमन यास आशीर्वाद.

तुझा निरोप आकोटला जाऊन सांगितला, रेडिओसकट. जमुना चुलीपुढे होती. वर न पाहता तिने विचारलं, त्या रेडिओतल्या पोरीले कोणी काही पुसते का. पुंजारामजी अक्षयतृतीयेपर्यंत थांबतात. नंतर मला दोष देऊ नकोस.

ताई

अमरावती
१० मे

ती. ताईस सा. न.

काल मधुकर हो म्हणाला! मला एकदम मोकळं वाटलं. ताई, माझंही ठरलं. अक्षयतृतीया उलटून गेली खरी, पण तीन दिवसांनी काय बिघडतं? साहेबांकडे रजा मागितली आहे. जमुनाला तूच सांग. तिचा चेहरा कसा झाला, ते मला सविस्तर लिही.

तुझा आनंदी देवमन

तुमचं गाव, ता. आकोट
१७ मे

चिरंजीव देवमन यास,
आशीर्वाद.

मायना काय घालावा ते मले समजेना. मनकर्णाबाई म्हणाल्या, चिरंजीवच घाल. 'तू' लिहायले मात्र हात वळत नाही.

अक्षयतृतीयेले तुमच्या बाबांशी माझं लग्न लागलं. तुम्ही याल या भरवशावर मांडव घातला होता, पाहुणे आले होते, तुमचं उत्तर नव्हतं. पोरगी आता कोण घेईल म्हणून आमचे वडील रडले. तुमचे बाबा म्हणाले, शब्द माझा आहे, मीच पाळतो. मले कोणी पुसलं नाही. मनकर्णाबाईंनी अक्षता टाकल्या, डोळे पुसले आणि पंगतीले बसल्या.

तुमचं पत्र घेऊन मनकर्णाबाई अकोल्याहून आल्या, मले वाचून दाखवलं. माझा चेहरा कसा झाला ते तुमाले हवं होतं. काहीच झाला नाही. तुमचे बाबा बाजूले खाटेवर घोरत होते, ते उठतील म्हणून मी हळूच पंखा घालत राहिली.

तुमची आता नोकरी पक्की होईल. मुलगी पाहायले मीच जाईन, वरमाय मीच आहे. रजा मिळाली असेल तर या. आल्यावर वाकून पाया पडा. मी पाय मागं घेणार नाही.

तुमची आई,
सौ. जमुना