विदूषकाचं 'करायलाव'

३ बहमन १३४८ फसली, पूर्णा, निजाम राज्य

शाळेच्या नाटकात मला विदूषक मिळाला. राजा म्हणजे वकिलांचा माधव. मराठीचे जोशीमास्तर नाटक बसवायलेत. म्हणाले, "तुझं तोंडच तसं आहे." हे चांगलं का वाईट, विचारलं न्हाई. आईनं पोटाला बांधायला उशी काढून दिली. घरभर पोट घेऊन फिरलो. अण्णा दुकानातून आले अन् हसतच बसले.

९ बहमन

तालीम बेकार. वाक्य असं: "महाराज, माझ्या उदरात वणवा पेटला आहे." एकबी पोरगं हसंना. वर माझ्या तोंडून 'आहे'चं 'हाय' निघतं. मास्तर शिकले पुण्याला. म्हणाले, जुम्म्याच्या सुट्टीपर्यंत भाषा शुद्ध झाली नाही तर विदूषक दुसऱ्याला. रडू आलं. मला हे काम पाहिजेच.

१३ बहमन

आज तालमीत माधव राजा वाक्यच विसरला. नुसता हनुवटीला हात लावून उभा. किती वेळ गप बसावं? माझ्या तोंडून गेलं, "महाराज, इचार कायला करायलाव? आधी जेवू, मग राज्याचं बघू." सगळा वर्ग हसून लोळला. मास्तर लाल. नाटकाची वही माझ्या हातातून काढून घेतली. संपलं म्हणलं.

दारात संस्कृतचे शास्त्रीबुवा. म्हणाले, "मास्तर, जुन्या नाटकांत राजा संस्कृत बोलतो अन् विदूषक प्राकृत, लोकांची भाषा. पोरगं बरोबर बोलतंय." वही परत मिळाली, माझं वाक्यबी नाटकात राहिलं.

घरी आईला सांगितलं, तू प्राकृत बोलतीस. म्हणाली, "मी काई केलं न्हाई बाबा."

१९ बहमन

झालं नाटक. लय मजा. उशी गुडघ्यापर्यंत घसरली, ती धरूनच बोललो. 'करायलाव'ला टाळ्या. हेडमास्तरसाहेबांना मराठी कमी समजतं. शेजारच्याला विचारायचे, "क्या बोला?" अन् मागून एकटेच हसायचे. त्यांना बघून लोक दुबारा हसायचे. अण्णा दुकान बंद करून आलेले.

२१ बहमन

परभणीच्या शाळेनं खेळ मागितलाय. मास्तरांनी घरी बोलावून चहा पाजला. "छान केलंस. पण तिथं मोठे लोक असतील. तेवढं 'करता आहात' म्हण."

मी म्हणलो, "हाव."

"हाव नाही. हो."

मी परत "हाव" म्हणलो. मुद्दाम न्हाई, खरंच. परभणीला तोंडातून काय निघंल, मलाच ठाऊक न्हाई.